2 लाख 80 हजार रुपये आणि रिकामा रकाना

मी परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात शेती करतो. माझा मुलगा नववीत असल्यापासून घरच्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर हा विमान उडवण्याचा खेळ चालवत आला आहे, आणि बारावी विज्ञान झाल्यावर त्याने वैमानिक होण्याचे ठरवले. त्याचे नाव छत्रपती संभाजीनगरच्या एका संस्थेत घालताना जे विचारायला हवे होते ते मी विचारले नाही. दुसऱ्या कोणाच्या घरी असे घडू नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

संस्थेच्या संचालकांनी सांगितले की व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी 200 तास लागतात, त्यांतले 100 तास त्यांच्या सिम्युलेटरवर भरतील आणि पुढे विमानावरच्या प्रशिक्षणाचा खर्च निम्म्यावर येईल. हिशेब पटला. मोंढ्यातून सोयाबीनची पट्टी नुकतीच आली होती, कमी पडले ते पत्नीचे दागिने पतसंस्थेत तारण ठेवून उभे केले आणि 2 लाख 80 हजार रुपये भरले.

तिथे तीन पडदे, एक खुर्ची आणि एक जॉयस्टिक एवढेच होते. पहिल्याच दिवशी सराव मध्येच थांबवला तेव्हा पडद्यावर जी यादी उघडली, ती आपल्या घरच्याच खेळाची आहे हे मुलाने ओळखले. पण आईचे दागिने ठेवून पैसे भरले आहेत, आता कोणत्या तोंडाने सांगायचे, या विचाराने तो चार महिने गप्प राहिला. पैशापेक्षा मला याचेच दुःख अधिक आहे.

उलगडा झाला तो आमच्या गल्लीतील, वायुदलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांमुळे. मुलाची तास लिहिण्याची नोंदवही त्यांनी चष्मा लावून पान न पान पाहिली. प्रत्येक ओळीवर गोल शिक्का, विमानाचा प्रकार ‘ए320’, वेळ, सही, सगळे होते. एका रकान्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “भाऊ, विमानाचा नंबर कुठाय?” भारतात नोंदलेल्या प्रत्येक विमानाचा क्रमांक ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरू होतो, आणि तो रकाना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा होता.

नियम असा आहे की हे 200 तास प्रत्यक्ष विमानातले असावे लागतात आणि त्यांपैकी किमान 100 तास विमानाची सूत्रे स्वतःकडे ठेवून उडवलेले हवेत. केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे जे 10 तास लागतात, त्यांतले फार तर 5 तास सिम्युलेटरवर चालतात, आणि तोही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने म्हणजे डीजीसीएने मान्यता दिलेला असावा लागतो. घरचा सिम्युलेटर वाईट आहे असे मी म्हणत नाही. उपकरणे वाचण्याची आणि क्रमाने काम करण्याची सवय मुलाला त्यानेच लागली. मात्र त्यातल्या एका मिनिटाचीही परवान्यासाठी नोंद होत नाही.

मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षण संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. ती आधी पाहावी. त्याहीआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, कारण परवान्यासाठी वर्ग 1 चे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि रंग ओळखण्यातला दोषही आड येऊ शकतो. आमच्याकडून पैसे घेताना तपासणीचा शब्दही कोणी काढला नव्हता. नोकरी लागल्यावरही ही तपासणी नियमित द्यावी लागते आणि वर्षातून दोनदा सिम्युलेटरवर परीक्षा होते, हेही मला त्या शेजाऱ्यांकडूनच कळले.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा संचालकांनी माझ्यासमोर माझीच पावती ठेवली. तीवर ‘सिम्युलेशन व व्यक्तिमत्त्व विकास’ एवढेच लिहिलेले होते; परवाना किंवा तास यांचा उल्लेख नव्हता. सुदैवाने 100 तासांचे आश्वासन त्यांनी मुलाच्या मोबाइलवरही लिहून पाठवले होते आणि तो संदेश आम्ही पुसलेला नव्हता. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत, तक्रार दाखल करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क लागत नाही. पावती, नोंदवही आणि त्या संदेशाची छापील प्रत जोडून परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात आम्ही तक्रार दिली आहे. मुलाची वर्ग 1 च्या आधीची वर्ग 2 ची वैद्यकीय तपासणी झाली असून तो सध्या घरीच परवान्याच्या लेखी परीक्षेतील हवामानशास्त्राच्या पेपरचा अभ्यास करत आहे.