नौपाड्यातलं माशांचं दुकान: औषधाआधी पाणी तपासतात

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या लॉबीत मोठा टँक आहे, त्याची देखभाल मी करते. त्यातल्या दोन्ही एंजल फिशच्या शेपट्या आणि पोटाखालचे लांब पर तुटत चालले होते. सगळ्यांचं मत पडलं की फिन रॉट, म्हणजे पर सडण्याचा रोग, औषध आणा. ते आणायला या दुकानात गेले, तर काकांनी बाटलीला हातच लावला नाही. म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

‘ताई, फोटो आहे का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. फोटो मोठा करून त्यांनी मला परांच्या कडा दाखवल्या. फिन रॉट असला की कड पांढुरकी, काळपट किंवा लालसर होते आणि पर मुळाकडे झिजत जातो. आमच्या माशांची कड स्वच्छ होती, मध्येच अर्धगोल तुकडा गायब. ‘हे कोणीतरी चावलंय. टँकमध्ये अजून कोण कोण आहे?’ तीन टायगर बार्ब, मी म्हटलं, आणि उलगडा झाला. टायगर बार्ब थव्यात राहणारा मासा. सहा-आठ असले तर आपापसात पळापळ करतात, कमी असले की लांब परांच्या संथ माशाच्या मागे लागतात.

दुसरा प्रश्न खास ठाण्याचा: ‘पाणी महापालिकेचं की टँकरचं?’ उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर ठरलेलाच, आणि प्रत्येक टँकरचं पाणी निराळं. काकांनी टँकचं पाणी बाटलीत भरून आणायला सांगितलं. काचेच्या नळीत पाच मिली पाणी, त्यात दोन बाटल्यांमधले मोजून थेंब, मग पाच मिनिटं थांबायचं. माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारा विषारी अमोनिया नसेल तर पाणी पिवळं राहतं. आमचं हिरवं झालं. चावलेल्या जागी जखम उघडी आणि पाण्यात अमोनिया, अशानेच पुढे खरा फिन रॉट होतो, हे त्यांनी शांतपणे समजावलं. पाणी गरम आणि पीएच जास्त, म्हणजे पाणी अल्कधर्मी, असेल तर तोच अमोनिया अधिक विषारी ठरतो. या तपासणीचे पैसे घेतले नाहीत.

बार्ब त्यांनी स्वतःच्या टँकमध्ये ठेवून घेतले. बाकी उपाय साधे: रोज पाव टँक पाणी बदला, नवीन पाण्यात अँटी-क्लोरीन घाला आणि ते टँकमधल्या पाण्याइतकंच कोमट असू द्या, खाणं कमी करा, फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, मी तरीही मागितलं. नको म्हणाले. त्याने फिल्टरमधले अमोनिया संपवणारे उपयोगी जिवाणू मरतात, मग अमोनिया आणखी वाढतो, वर टँकच्या सांध्यांचं सिलिकॉन कायमचं निळं पडतं. कड पांढरी किंवा लाल दिसली तरच या, मग मासा वेगळ्या टँकमध्ये काढून औषध देऊ. हातातली विक्री सोडून असं सांगणारा दुकानदार मला तरी विरळाच भेटलाय.

पुढे तुटलेल्या कडेला आरपार दिसणारी, बिनरंगी पट्टी आली. बुरशी चढली म्हणून सोसायटीत पुन्हा काळजी सुरू झाली. काकांना फोन केला. बुरशीचे कापसासारखे पुंजके दिसतात, ही नवीन वाढ आहे, रंग मागून भरतो, म्हणाले. तसंच झालं. महिन्याभरात शेपट्या बऱ्याच भरून आल्या. एकीचा पोटाखालचा पर मात्र वाकडा आलाय. तीही कल्पना त्यांनी आधीच दिली होती: मधून तुटलेला पर कधी वाकडा उगवतो, मुळापासून गेलेला बहुतेक येतच नाही.

एक गोष्ट मला खटकते. फायटर मासे इथेही छोट्या डब्यांमध्ये ओळीने ठेवलेले असतात. मी काकांना तसं स्पष्ट बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, पण डबे अजून तेच आहेत. एक तारा त्यासाठी कमी.

दुकान लहान आहे, दुपारी बंद असतं, गाडी लावायला जागा नाही. शनिवार-रविवारी गर्दीत काकांना बोलायला फुरसत नसते, तेव्हा मधल्या वारी सकाळी जा. सोबत टँकचं पाणी न्या आणि माशाचा फोटो मोबाईलच्या टॉर्चचा उजेड बाजूने पाडून काढा, म्हणजे परांची कड नीट दिसते.