साठ लिटरचा तयार रीफ टँक आठ महिने वापरल्यावर

प्रवाळ ठेवण्याजोगे खाऱ्या पाण्याचे लहान मत्स्यालय घरी उभे करायचे झाले, तर सुटे भाग जमवत बसण्यापेक्षा काच, गाळणीचे कप्पे, पंप, दिवा आणि हीटर एकाच खोक्यात देणारा तयार संच घेण्याकडे बहुतेकांचा कल असतो. मीही असाच साठ लिटरचा संच घेतला आणि गेले आठ महिने तो चालवत आहे. या आकाराचे संच अनेक कंपन्या जवळपास एकाच आराखड्यावर बनवतात, त्यामुळे पुढे लिहिलेले बरेचसे त्या सगळ्यांना लागू पडावे. माझे मत आधीच सांगतो. काच आणि मागचे कप्पे यांच्यासाठी हा संच घेण्यासारखा आहे. सोबत आलेली मोजमापाची साधने बाजूला ठेवून दुसरी घ्यावी लागतात. आणि खोक्यावर ‘चोवीस तासांत मासे सोडा’ असे जे ठळक अक्षरांत छापले आहे, ते माशांच्या जिवावर बेतणारे आहे.

टाकीचे सांधे स्वच्छ आणि एकसारखे आहेत. तरीही मी ती आधी साध्या पाण्याने भरून दोन दिवस तशीच ठेवली आणि चारही कडा लेव्हलने तपासल्या, कारण दगड, वाळू आणि पाणी धरून ही टाकी सत्तर-ऐंशी किलोंपर्यंत जाते आणि भरल्यानंतर ती सरकवता येत नाही. मागे तीन कप्पे आहेत. पाणी दातेरी फटीतून पहिल्या कप्प्यात येते, त्यामुळे पृष्ठभागावरचा तवंग आपोआप ओढला जातो. मधल्या कप्प्यात स्पंज आणि सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे राहतात. शेवटच्यात पंप आणि हीटर. या मांडणीचा एक मोठा गुण असा की बाष्पीभवनाने पाणी कमी झाले, तरी पुढच्या टाकीतली पातळी जागची हलत नाही, ती फक्त शेवटच्या कप्प्यात उतरते. घट नेमकी किती झाली, ते त्यामुळे एका नजरेत कळते.

खोक्यावर साठ लिटर लिहिलेले असले, तरी दगड आणि वाळू ठेवल्यावर माझ्या टाकीत प्रत्यक्षात ४८ लिटर पाणी मावले. पाणी ओतताना मी मोजून ओतले, आणि तो आकडा पुढे प्रत्येक हिशेबात उपयोगी पडला. प्रत्येकाने पहिल्या भरणीच्या वेळी हे मोजावे, नंतर ती संधी मिळत नाही.

पाणी आरओ आणि त्यानंतर उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनमधून आलेले, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारे वापरले. नळाच्या पाण्यातील सिलिकेट, फॉस्फेट आणि विशेषतः तांबे यांचा त्रास नंतर महिनोन्‌महिने निस्तरावा लागतो; गोगलगायी, खेकडे आणि प्रवाळ यांना तांब्याचे अत्यल्प प्रमाणही सोसत नाही. मीठ कालवताना आधी पाणी घ्यावे आणि त्यात मीठ थोडे थोडे सोडावे. उलट केले, म्हणजे मिठाच्या ढिगावर पाणी ओतले, तर त्या दाट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेटचा साका धरतो आणि तो पुन्हा विरघळत नाही.

खारेपणा मोजण्यासाठी संचात हलत्या काट्याचा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर दिला आहे. त्यावर माझ्या पहिल्या पाण्याची घनता १.०२५ दिसली. प्रकाश किती वळतो यावरून खारेपणा मोजणारा, वेगळ्याने घेतलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) प्रमाणित द्रावणावर जुळवून पाहिले, तर तेच पाणी १.०२२ भरले, म्हणजे एक किलो पाण्यामागे सुमारे २९ ग्रॅम क्षार. समुद्रात ते ३५ च्या आसपास असतात. काट्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे त्याला वर उचलतात, म्हणून आकडा फुगतो. मासे हा फरक सोसतात, पण प्रवाळांसाठी तो लहान नाही. रिफ्रॅक्टोमीटरही शुद्ध पाण्यावर शून्य जुळवून निर्धास्त होण्याचे साधन नाही. ज्या टप्प्यात आपण मोजणार, त्या टप्प्यातल्या द्रावणावरच तो जुळवायला हवा.

आता मुख्य विषय, टाकीची सायकल, म्हणजे मासे सोडण्याआधी टाकीत उपयोगी जिवाणू वसवणे. मासा, उरलेले अन्न आणि कुजणारे काहीही पाण्यात अमोनिया सोडते. एका गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जिवाणू या रासायनिक बदलातूनच ऊर्जा मिळवतात, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले होते. ते पाण्यात मोकळे फार थोडे असतात, दगडाच्या, वाळूच्या आणि सिरॅमिकच्या पृष्ठभागावर थर धरून वाढतात, आणि इतर जिवाणूंच्या मानाने त्यांची वाढ फार संथ असते. नवी टाकी कितीही स्वच्छ दिसली, तरी हा थर नसल्यामुळे ती सजीवांसाठी तयार नसते.

संचात जिवाणूंची एक लहान बाटली होती. तिच्यावर नायट्रोबॅक्टर या नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूचे नाव होते आणि भरल्याची किंवा मुदत संपण्याची तारीख कुठेच नव्हती. मत्स्यालयात नायट्राइटचे काम बहुतांशी नायट्रोस्पायरा गटातले जिवाणू करतात, असे संशोधक टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांवर दाखवले होते. शिवाय हे जिवाणू बीजाणू बनवत नाहीत, त्यामुळे उष्णतेत किंवा फार काळ पडून राहिलेल्या बाटलीत ते मरतात. तारखेविना आलेल्या बाटलीवर कुणाचा जीव सोपवण्याची माझी तयारी नव्हती. मी ती ओतली, पण तिच्या भरवशावर एक दिवसही कमी केला नाही. ताज्या तारखेची, नीट थंड साठवलेली बाटली मिळाली तर सायकल नक्कीच लवकर आटोपते. तेव्हाही आकडेच पाहावेत.

अमोनियासाठी मी शुद्ध अमोनियम क्लोराइड वापरले. एखादा काटक मासा सोडून त्याच्या विष्ठेवर सायकल चालवण्याची जुनी पद्धत अजूनही सुचवली जाते, पण ज्या पाण्यात कल्ले जळतात त्यात एका जिवाला महिनाभर ठेवण्याचे काहीच कारण उरलेले नाही. ४८ लिटर पाण्यात २ पीपीएम (दशलक्ष भागांत दोन भाग) अमोनिया येण्यासाठी सुमारे ०.३ ग्रॅम अमोनियम क्लोराइड पुरते. खोक्यावरचे साठ लिटर धरून मोजले असते, तर चौथ्या हिश्शाने जास्त पडले असते. फार वाढवूनही चालत नाही, अमोनिया ५ पीपीएमच्या वर गेला की नायट्राइट खाणाऱ्या जिवाणूंचीच वाढ खुंटू शकते.

या काळात संचातल्या चाचणीच्या पट्ट्यांनी माझी सर्वांत मोठी निराशा केली. त्यांवर नायट्रेट, नायट्राइट आणि पीएच यांचे चौकोन आहेत, अमोनियाचा नाही. ज्या आकड्यावर सगळे अवलंबून, तोच मोजता येत नाही. द्रव रसायनांचा खाऱ्या पाण्यासाठीचा चाचणी संच वेगळा घ्यावा लागला. तापमान २६ अंशांवर, दिवा पूर्ण बंद आणि पंप अखंड चालू ठेवला. पहिले दहा दिवस अमोनिया हलला नाही, आणि काहीतरी बिघडले आहे असे वाटून पाणी बदलण्याचा मोह नेमका याच दिवसांत होतो. अकराव्या दिवशी रंग पहिल्यांदा फिका झाला, सोळाव्या दिवशी अमोनिया शून्यावर आला आणि नायट्राइट तक्त्याच्या शेवटच्या गडद रंगावर जाऊन बसला. तिथे तो जवळजवळ अडीच आठवडे राहिला.

याच सुमारास नायट्रेटच्या चाचणीने ८० पीपीएमचा रंग दाखवला आणि मी चक्रावलो. मग हिशेब केला. २ पीपीएम अमोनिया पूर्ण बदलला, तर सुमारे ५.४ पीपीएम नायट्राइट आणि त्यातून सुमारे ७.३ पीपीएम नायट्रेट मिळते. पाण्यात घातले त्यापेक्षा जास्त नायट्रोजन कुठून येणार? नायट्रेटच्या चाचण्या आधी नायट्रेटचे नायट्राइट करून मग रंग दाखवतात, त्यामुळे पाण्यात आधीच असलेला नायट्राइट आकडा कितीतरी पटींनी फुगवतो. सायकल सुरू असताना नायट्रेट मोजूच नये, आणि त्या खोट्या आकड्याला घाबरून पाणी तर मुळीच बदलू नये. नायट्राइट उतरल्यावर माझे नायट्रेट ८ च्या आसपास निघाले, हिशेबाला धरून.

नायट्राइटची भीतीही खाऱ्या पाण्यात थोडी कमी बाळगावी. गोड्या पाण्यात तो माशांना घातक ठरतो; समुद्राच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण इतके प्रचंड असते, की कल्ल्यांतून आत शिरताना नायट्राइटला वावच मिळत नाही. तरीही मी तो शून्य होईपर्यंत थांबलो, कारण दुसऱ्या गटाचे जिवाणू वसल्याची खूण तीच. तेहतिसाव्या दिवशी तो उतरला. पस्तिसाव्या दिवशी पुन्हा २ पीपीएम अमोनिया घातला, चोवीस तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. खोक्यावरच्या चोवीस तासांना अर्थ आहे तो इथे, छत्तिसाव्या दिवशी.

आणखी एक गोष्ट संचाच्या पुस्तिकेत नाही. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, खर्च होते. २ पीपीएमच्या प्रत्येक मात्रेमागे साधारण ०.६६ डीकेएच (अल्कलिनिटी मोजण्याचे एकक). माझी अल्कलिनिटी ८.३ वरून दोन मात्रांनंतर ७ वर आली होती. एवढ्याने काही बिघडत नाही, पण अमोनिया पुन्हा पुन्हा घालणाऱ्याची सायकल रेंगाळली, तर त्याने ही चाचणी करून पाहावी. सायकलीच्या शेवटी अर्धे पाणी बदलले की हा प्रश्नही सुटतो.

पंप शांत आहे आणि त्याचा फिरणारा भाग सुटा काढून धुता येतो. प्रवाळांसाठी मात्र त्याचा प्रवाह अपुरा आहे. दगडांच्या मागे गाळ साचू लागल्यावर प्रवाहासाठी एक लहान पंप वेगळा बसवावा लागला. दिवा मऊ प्रवाळांना पुरेसा आहे. हीटर मात्र पहिल्याच आठवड्यात बदलला. २५ अंशांवर ठेवला असताना तो पाणी २८.५ पर्यंत नेत होता, आणि काचेला चिकटवायच्या थर्मामीटरला ते कळलेही नाही. हीटर अडकून चालूच राहणे हा लहान टाकीला असलेल्या मोठ्या धोक्यांपैकी एक आहे, म्हणून नवा हीटर मी स्वतंत्र तापमान नियंत्रकाला जोडला.

संचाला झाकण नाही. वायूंच्या देवाणघेवाणीसाठी ते बरे, पण माझ्या टाकीतून दिवसाला सुमारे ७०० मिलिलिटर पाणी उडते. उडते ते निव्वळ पाणी, मीठ मागेच राहते. एक आठवडा भर घातली नाही, तर खारेपणा ३५ वरून ३९ पर्यंत चढेल. त्यामुळे रोज शुद्ध, बिनमिठाचे पाणी घालावे लागते, किंवा पातळी पाहून आपोआप भर घालणारे यंत्र बसवावे लागते. मी दुसऱ्या महिन्यात ते बसवले. पहिल्याच दिवशी बसवायला हवे होते. उडी मारणाऱ्या माशांसाठी वर जाळीही घातली.

दिवा सुरू केल्यावर आठवडाभरात वाळूवर तपकिरी थर आला. तो डायटम या सूक्ष्म शैवालाचा, नव्या टाकीत हमखास येणारा. तो काढण्यासाठी औषध घालू नये. ट्रोकस गोगलगायींनी आणि काळाने तो नाहीसा केला. नायट्रेट आणि फॉस्फेट पूर्ण शून्यावर आणण्याचा हट्टही मी सोडला, कारण तशा उपाशी पाण्यात डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव माजण्याची शक्यता वाढते आणि ते डायटमपेक्षा कितीतरी चिवट असतात.

आठव्या आठवड्यात मत्स्यपैदाशीतून आलेली ओसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी आली, त्यानंतर महिन्याने मऊ प्रवाळांचे दोन लहान तुकडे आणि एक झोअँथिड, म्हणजे लहान तोंडांच्या झुपक्याने वाढणारा प्रवाळाचा नातलग. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा, तो चिकटलेला दगड कधीही उकळू नये. या गटातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. कठीण प्रवाळ घेताना तो संवर्धनातून वाढवलेला आहे का, हे विक्रेत्याला विचारावे. सगळे कठीण प्रवाळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि समुद्रातून उपटून आणलेला तुकडा साठ लिटरच्या टाकीत आणण्याचे समर्थन मला करता येत नाही. याच कारणाने मी समुद्रातून जिवाणूंसकट आणलेले ‘जिवंत’ दगड न घेता कोरडेच दगड घेतले. सायकल लांबली ती काही अंशी त्यामुळेच, पण सोबत नको ते पाहुणे आले नाहीत.

ज्याला पहिली रीफ टाकी लावायची आहे आणि मऊ प्रवाळ, लहान मासे एवढ्यावर समाधान आहे, त्याला मी हा संच सुचवेन. सोबत रिफ्रॅक्टोमीटर, द्रव चाचणी संच, चांगला हीटर आणि पाण्याची भर घालणारे यंत्र यांचा खर्च त्याने सुरुवातीलाच धरावा. ॲक्रोपोरासारखे कठीण प्रवाळ ठेवायचे असतील, तर एवढ्या पाण्यात अल्कलिनिटी रोज स्थिर राखणे फार अवघड जाते आणि हा दिवाही कमी पडतो, तेव्हा त्याने मोठी टाकी घ्यावी. माझ्या टाकीत ते मी ठेवलेले नाहीत आणि ठेवणारही नाही. दोन्ही क्लाउनफिश हाताजवळ येऊन खातात, आणि गेल्या महिन्यात झोअँथिडला सात नवी तोंडे फुटली आहेत.