‘या महिन्याचे लेखक’: शाळेच्या वाचनालयातलं एक फडताळ, बाइंडरच्या नजरेतून

आधीच सांगतो, मी शिक्षक नाही, समीक्षक तर नाहीच नाही. पुस्तकं बांधण्यात आयुष्य गेलं. आता काम मुलाकडे सोपवलंय आणि दर गुरुवारी नातीच्या शाळेच्या वाचनालयात बसून फाटकी पुस्तकं दुरुस्त करतो. पुस्तक हातात आलं की मी आधी त्याची पाठ बघतो, मग आतलं वाचतो. त्यामुळे हा अभिप्रायही पाठीकडूनच सुरू होणार.

या वाचनालयात दाराजवळ एक वेगळं फडताळ आहे. वर पाटी, ‘या महिन्याचे लेखक’. दोन लेखक, दहाबारा पुस्तकं, आणि महिना संपला की नवी जोडी. बाकीच्या कपाटांत पुस्तकं दाटीवाटीनं उभी, फक्त पाठ दिसते. इथे मात्र मुखपृष्ठ समोर. एवढ्या एका गोष्टीसाठी ग्रंथपालबाईंना मी पैकीच्या पैकी गुण देईन. दुसरीतलं पोर मान वाकडी करून पाठीवरचं नाव वाचत बसत नाही. त्याला चित्र दिसलं पाहिजे.

सगळ्यात जास्त वेळा माझ्या टेबलावर आलं ते एरिक कार्ल यांचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’. तीन महिन्यांत तीनदा. सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन पेअर, आणि प्रत्येक फळात आरपार भोक. पोरं त्या भोकात बोट घालतात, मग शेजारच्याचं बोट घालायला लावतात, आणि भोकाची कड उसवते. पण रागवायचं कुणावर? ती भोकं त्यासाठीच आहेत. कार्ल यांना ही कल्पना सुचली तीच मुळी पंचिंग मशीननं कागदाच्या गठ्ठ्याला भोकं पाडताना. आणखी एक गंमत माझ्या धंद्यातली. १९६९ साली हे पुस्तक निघालं तेव्हा परवडेल अशा खर्चात ते छापून, कापून देणारं कुणी अमेरिकेत मिळेना, म्हणून ते जपानमध्ये छापलं. कमी-जास्त रुंदीची पानं, वर त्यांना भोकं! माझ्याकडे असं काम आलं असतं तर मीही दोन दिवस ‘बघतो, सांगतो’ करत टाळलं असतं.

‘तोत्तोचान’ची प्रत वेगळ्या तऱ्हेनं झिजली आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक जपानीत १९८१ साली आलं. आमची मराठी प्रत टेबलावर ठेवली की आपोआप उघडते, आणि उघडते ती आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेच्या पानांवर. डिंकानं चिकटवलेल्या पुस्तकाला अशी सवय लागली की समजावं, तिथे पुष्कळ मुलं पुष्कळ वेळ थांबली. मूळ पुस्तकातली चित्रं चिहिरो इवासाकी यांची. त्या १९७४ मध्येच वारल्या होत्या, म्हणजे चित्रं या गोष्टीसाठी काढलेलीच नव्हती, त्यांच्या आधीच्या चित्रांतून निवडलेली. हे कळल्यावर मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळलं. कुठेही सांधा दिसत नाही. निवडणाऱ्याला सलाम.

माधुरी पुरंदरे यांचा महिना सगळ्यात गोड गेला. लेखनही त्यांचं, चित्रंही त्यांची. ‘राधाचं घर’ या संचातली पुस्तकं पहिलीतली मुलं जमिनीवर पालथी पडून एकमेकांना वाचून दाखवत होती. यापेक्षा जास्त काय लिहू?

सत्यजित राय यांच्या महिन्यात मात्र माझी एक तक्रार. राय यांचा गुप्तहेर फेलूदा १९६५ साली ‘संदेश’ मासिकात पहिल्यांदा आला, ते मासिक राय यांच्या आजोबांनी १९१३ मध्ये काढलं होतं, हे सगळं कार्डावर सुरेख अक्षरात होतं. फक्त समोरची पुस्तकं मराठीत ज्यांनी आणली त्या अशोक जैन यांचं नाव कार्डावर नव्हतं. मुलांनी वाचलेलं प्रत्येक वाक्य त्या माणसाच्या हातून आलेलं. बाईंना सांगितलं, त्यांनी त्याच दिवशी खाली ओळ वाढवली. त्या ऐकून घेतात, हे मुद्दाम नोंदवतो.

कार्डांबद्दलच बोलायचं तर जन्म, शिक्षण, पुरस्कार या तीन ओळी कुणीही वाचत नाही. विंदा करंदीकरांच्या कार्डावर ‘ज्ञानपीठ’ ठळक लिहिलं होतं. मुलं ‘एटू लोकांचा देश’ घेऊन कोपऱ्यात खिदळत होती, कार्डाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नंतर सातवीतल्या एका मुलीनं पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून तिथे खोचली, ‘मोठ्यानं वाचा, मजा येते.’ तो आठवडाभर फडताळासमोर गलका होता. माझं मत विचाराल तर कार्ड मुलांकडूनच लिहून घ्यावं.

एका महिन्यात कुणाच्या तरी शिफारशीवरून चकचकीत, जाडजूड चरित्रांचा संच मांडला होता. थोर माणसं, गुळगुळीत कागद, पक्की बांधणी. महिन्यानं मी पाठी तपासल्या. एकीवरही सुरकुती नाही. बाइंडर म्हणून मला खूश व्हायला हवं होतं.

आता खरा राग. फडताळावरचं पुस्तक महिना संपेपर्यंत घरी नेता येत नाही, असा नियम आहे. मांडणी रिकामी दिसते म्हणे! भा. रा. भागवतांचा महिना होता. चौथीतला एक मुलगा ‘फास्टर फेणे’ उभ्याउभ्या वाचत होता. फेणेचं ‘ट्टॉक्’ वाचताना स्वतःही जीभ टाळूला लावून तसाच आवाज काढत होता. तास संपल्याची घंटा झाली.

“आजोबा, हे नेऊ?”

“बाईंना विचार.”

“त्या म्हणतात पुढच्या महिन्यात.”

पुढच्या महिन्यात! बनेश फेणे सापळ्यात अडकलेला, आणि या पोरानं तीस दिवस थांबायचं? मग त्यानं त्या पानात वहीचा कपटा घालून पुस्तक मागच्या रांगेत दडवून ठेवलं. मी पाहिलं आणि गप्प बसलो. भूक लावायची आणि ताट झाकून ठेवायचं, ही कुठली रीत? मांडणी रिकामी दिसली तर दिसू दे. तिथे ‘पुस्तक घरी गेलंय’ अशी पाटी ठेवा, बाकीच्यांची उत्सुकता वाढेल.

किरकोळ दोन गोष्टी. क्रमांकाची चिठ्ठी मुखपृष्ठावरच्या चेहऱ्यांवर चिकटवू नका, पाठीच्या तळाशी लावा. आणि चिकटपट्टीनं पानं जोडू नका. ती पिवळी पडते, मग कागदासकट निघते आणि माझा गुरुवार खाते. पान सुटलं तर तसंच आत ठेवून द्या, मी बघतो.

निवडीला साडेचार तारे, मांडणीला चार, त्या नियमाला एकही नाही. गेल्या गुरुवारी बाईंनी नंबर लावायला एक वही ठेवली आहे, म्हणजे नियम थोडा हलतोय. फेणेच्या पानावर सतरा नावं झाली आहेत, प्रत एकच. खालच्या कपाटात दुसरी सापडली, पुठ्ठा गेलेली, पहिले दोन फॉर्म, म्हणजे घडी घालून शिवलेले पानांचे गठ्ठे, सुटलेले. पानं सगळी आहेत, मोजून पाहिली. घरी आणली आहे, शिवायला घेतली आहे.