एक्सएक्सडी उलट्या दिशेने: काही महिन्यांच्या वापरानंतर

फाइल वाचणारा कोड तपासायचा तर मुद्दाम बिघडवलेल्या छोट्या बायनरी फाइल लागतात. कुठे हेडरमधला एक बाइट चुकीचा, कुठे लांबीचा आकडा खोटा, कुठे शेवट तुटलेला. त्या बनवायला मी गेले काही महिने एक्सएक्सडी (xxd) हे कमांड लाइनवरचं टूल वापरतोय. ते विम या एडिटरबरोबर येतं, त्यामुळे बऱ्याच मशीनवर आधीच असतं. बहुतेक जण त्यात फाइलचं हेक्स (प्रत्येक बाइट सोळाच्या पायातल्या दोन अंकांत) बघतात. माझं काम उलट दिशेचं, हेक्सवरून फाइल बनवायचं, म्हणजे 'आर' (उलट रूपांतर) आणि 'पी' (नुसतं साधं हेक्स) हे पर्याय एकत्र.

'४८ ६९' असा मजकूर दुसऱ्या कमांडमधून त्याला पाइप केला की दोन बाइटची फाइल तयार. मध्ये स्पेस द्या, ओळी तोडा, चालतं. इको कमांडने शेवटी जोडलेली नवी ओळही फाइलमध्ये उतरत नाही. त्यामुळे टेस्टचा डेटा साध्या टेक्स्टमध्ये, ओळीला एक फील्ड असा लिहून बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेवता येतो आणि डिफमध्ये नेमकं काय बदललं ते दिसतं. एवढ्या एका सोयीसाठीही मी हे टूल ठेवलं असतं. टिपा लिहायच्या तर मात्र आधी सेड या कमांडने उडवाव्या लागतात.

खटकतं ते त्याचं गप्प राहणं. १२३ असे विषम अंक दिले तर १२ चा बाइट लिहितं आणि उरलेला ३ गुपचूप टाकून देतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. मॅन पेजमध्येच (टूलच्या माहितीपानात) लिहिलंय की टूलचा विक्षिप्तपणा त्याच्या कर्त्याच्या डोक्याशी जुळतो, तेव्हा तक्रार तरी कुठे करणार!

दशमान आकडे त्याला कळत नाहीत. १० लिहिलं की १६ किमतीचा बाइट पडतो. म्हणून आकडा आधी प्रिंटएफ या कमांडने हेक्समध्ये बदलायचा. त्यातून १००० चे ०३ई८ होतात, पण फॉरमॅट लिटल एंडियन (कमी किमतीचा बाइट आधी) असेल तर ई८०३ अशी उलटापालट आपणच करायची. लिटल एंडियनसाठीचा एक्सएक्सडीचा 'ई' हा पर्याय फक्त बघण्यापुरता. 'आर'सोबत दिला तर सरळ नकार मिळतो. ऋण आकड्यांची गंमत वेगळीच: बॅश या शेलमधला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला) प्रिंटएफ -१ चे सोळा एफ छापतो, म्हणजे एका बाइटच्या जागी आठ. अपूर्णांक असतील तर मी सरळ आकड्यांचे बाइट करून देणारं पायथनचं स्ट्रक्ट मॉड्यूल घेतो.

'पी' न देता '१०: ४१' पाठवलं तर आहे त्याच फाइलमधला १० या पत्त्यावरचा तेवढा एक बाइट बदलून ४१ होतो. हे १० सुद्धा हेक्समधलंच. फक्त आउटपुट फाइलचं नाव कमांडमध्येच द्या. '>' ने रीडायरेक्ट केलंत तर शेल आधीच फाइल रिकामी करून टाकतं.