‘वय झालंय’ म्हणून सोडून न देणाऱ्या डॉक्टर

आमची चिंगी लॅब्राडॉर, 12 वर्षांची. दिवाळीनंतर तिने सोफ्यावर चढणं सोडलं, जिन्यात थबकू लागली. आधीच्या दवाखान्यात दोनदा नेलं. दोन्ही वेळा ‘वय झालंय, आता असंच चालायचं’ ऐकून परत आलो. शेवटी घरी येऊन म्हाताऱ्या कुत्र्यांची तपासणी करणाऱ्या या मॅडमना बोलावलं.

आल्या त्या थेट फरशीवर बसल्या. दहा मिनिटं चिंगीला हात लावला नाही, नुसतं तिचं उठणं-बसणं पाहिलं. मग मागचा पंजा हातात घेऊन मला दाखवला. मधल्या दोन नखांची वरची बाजू घासून सपाट झाली होती. पाय पुरता उचलला जात नाही, फरपटतो, म्हणून. रोज पंजे पुसते मी तिचे, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. मांड्यांना टेप लावला तर उजवी चक्क बारीक निघाली.

दिवसभर घरी सासूबाई असतात, म्हणून प्रश्न त्यांनाच जास्त. त्या म्हणाल्या, “झोपून उठली की पहिली चार पावलं धड पडत नाहीत. माझे गुडघे असेच धरतात.” मॅडम म्हणाल्या, “आजी, संधिवातच आहे तो.” रात्री चिंगी दाराच्या बिजागरीच्या बाजूला तोंड करून उभी राहते, हेही सासूबाईंनीच सांगितलं. मेंदू थकल्याची ती खूण असू शकते म्हणे. आता पॅसेजमध्ये रात्रभर छोटा दिवा असतो. डोळ्यांतली निळसर झाक मात्र मोतीबिंदू नव्हे, वयाने भिंग घट्ट होतं त्याची.

दुखण्याचं औषध लगेच दिलं नाही, हे मला फार पटलं. अशा औषधाचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारा घटक) वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं बरंचसं काम गेलेलं असतं, म्हणून रक्ताबरोबर सकाळची लघवीही तपासली आणि मगच मेलॉक्सिकॅम हे दुखण्याचं औषध सुरू केलं. घरातली आयब्युप्रोफेनची, म्हणजे आपली माणसांची दुखण्यावरची, गोळी मी अर्धी करून देणार होते. कृपा करून कोणी देऊ नका, कुत्र्यांच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला ती घातक असते.

गुळगुळीत टाइल्सवर रबरी पट्ट्या टाकल्या, तळव्यांमधले केस कापले, एका लांब फेरीऐवजी 15 मिनिटांच्या दोन केल्या. चार महिन्यांत वजन 35 वरून 31 किलोवर आलं. सोफा अजून जमत नाही, पण उठताना कण्हणं थांबलंय.

तक्रार एकच: वेळ आठ-आठ दिवस मिळत नाही, आणि लघवीच्या रिपोर्टसाठी मला तीनदा फोन करावा लागला. दुखणाऱ्या जिवासाठी आठ दिवस फार होतात.

बोलावणार असाल तर कुत्र्याचा उठतानाचा, जिना चढतानाचा व्हिडिओ आधी काढून ठेवा. पाहुणं माणूस दिसताच चिंगी आनंदाने अशी धावली, की पहिली पाच मिनिटं तिला काही होतंय असं वाटलंच नसतं.