जुन्या पीसीतले २ जीबी बाहेर काढायचेत: मोडेम, फ्लॉपी, केबल की डिस्कच काढून घ्यायची?

एका मित्राच्या छापखान्यात १९९८ सालचा पेंटियम अजून चालू आहे. आत पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीतल्या (मराठी फॉन्ट) लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं. सगळं मिळून साधारण २ जीबी. मशीनच्या पाठीला भोकं भरपूर: सीरियल, पॅरलल, मोडेमचं, यूएसबीची दोन. "यातलं फास्ट कुठलं ते सांग," एवढाच त्याचा प्रश्न होता.

घोळ इथेच होतो, कारण प्रत्येकाचा वेग वेगळ्या मापात सांगितलेला असतो. मोडेम, सीरियल, यूएसबी, लॅन यांचे आकडे बिटमध्ये. फ्लॉपी, सीडी आणि आयडीई डिस्कचे (त्या काळच्या पीसीतली रुंद पट्टीच्या केबलची हार्ड डिस्क) बाइटमध्ये. इंग्रजीत निदान लहान बी की मोठा बी यावरून फरक कळतो. आपण देवनागरीत 'एमबीपीएस' लिहिलं की तोही आधार गेला! म्हणून आधी सगळं सेकंदाला किती बाइट, यावर आणा.

बिटला ८ ने भागायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. सीरियल पोर्टला मात्र १० ने भागा. तिथे प्रत्येक बाइटच्या पुढे एक स्टार्ट बिट आणि मागे एक स्टॉप बिट जातो, म्हणजे ८ बिट मालाला १० बिटांचं भाडं. सेकंदाला ११५२०० बिटांचा पोर्ट सेकंदाला ११,५२० बाइट देतो, १४,४०० नव्हे. (आयडीईनंतर आलेल्या साटा डिस्कलाही १० नेच भागावं लागतं, कारण तिथेही ८ बिट १० बिटांत बांधून पाठवतात, म्हणून दीड गिगाबिटचे १५० एमबी होतात.) मोडेमचं उलट आहे. व्ही.४२ (मोडेमची चुका दुरुस्त करायची पद्धत) चालू असेल तर फोनच्या तारेवरून जाताना ते दोन जादा बिट गळतात, म्हणून तिथे ८ चाललं. ५६के म्हणजे ७,००० बाइट. डायलअपच्या काळात डाउनलोडच्या खिडकीत सेकंदाला ५ केबी दिसले की लोक फसवणूक झाल्यासारखे चिडायचे. खराब लाइनवर ५ म्हणजे बरंच होतं.

पण हे ७,००० फक्त येताना. व्ही.९० मध्ये (५६के मोडेमचं मानक) जाताना ३३,६०० बिटच मिळतात, म्हणजे ४,२०० बाइट. आपला माल तर बाहेर जायचाय. २ जीबीला साडेपाच दिवस लागतील, तेही फोन अडवून आणि लाइन एकदाही न तुटता. मोडेम बाद.

सीरियल केबलने ४८ तास. पॅरलल केबल त्याच्या चार-पाच पट पळते, तरी रात्र जाते. फ्लॉपीचा हिशेब गमतीचा आहे. ती सेकंदाला ५ फेरे घेते, एका फेऱ्यात फार तर ९,२१६ बाइट वाचते, म्हणजे ४६ केबी, सीरियलच्या चौपट! पण २ जीबीला १,३५७ फ्लॉप्या लागतात. लिहायला एक मिनिट, दुसरीकडे वाचायला एक मिनिट धरा: ४५ तास. म्हणजे केबलएवढाच वेळ, वर माणूस बसवायचा तो वेगळा. (१.४४ एमबी हा आकडाही धड कुठलाच नाही: १,४४० ला १,०२४ ने गुणलेलं आहे, म्हणजे अर्धा हिशेब हजाराचा, अर्धा १,०२४ चा.)

यूएसबी १.१ चे १२ मेगाबिट म्हणजे कागदावर दीड एमबी, हातात सुमारे एक. अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. पण विंडोज ९८ ला पेन ड्राइव्हसाठी ड्रायव्हर लागतो आणि तो मशीनमध्ये न्यायला पुन्हा फ्लॉपीच! १० मेगाबिटचं लॅन कार्ड आधीच बसवलेलं असेल तर वेळ तेवढाच आणि कटकट कमी.

माझं मत सरळ आहे: स्क्रू काढा, डिस्क बाहेर घ्या, आयडीई-यूएसबी अ‍ॅडॅप्टरला लावा. डिस्कवर यूडीएमए ३३ लिहिलंय म्हणून ३३ एमबीची आशा धरू नका, तो वायरचा वेग. त्या काळातली तबकडी ५-६ एमबी देते. तरीही सहा-सात मिनिटांत सगळं लॅपटॉपवर. डिस्कमागची छोटी खिट्टी, म्हणजे जंपर, मास्टरवर ठेवा आणि साडेतीन इंची डिस्कला वेगळा वीजपुरवठा जोडा. नुसत्या यूएसबीच्या जोरावर ती फिरत नाही. डिस्क टकटक आवाज करत असेल तर एकेक फाइल उघडून बघत बसू नका, आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये जशीच्या तशी नक्कल, काढा.

अपवाद एकच: पेंटियमच्या आधीच्या ४८६ पीसीमधली ४०० एमबीच्या आसपासची डिस्क. तिला एलबीए (डिस्कवरची जागा सरळ क्रमांकाने सांगायची पद्धत) येत नसेल तर बरेच अ‍ॅडॅप्टर तिला ओळखतच नाहीत. तिथे नल मोडेम केबल (दोन पीसींचे सीरियल पोर्ट थेट जोडणारी) आणि झेडमोडेम (फाइल पाठवायची पद्धत). सीरियलची चिप १६५५० असेल तर ११५२०० वर शनिवारी रात्री लावा, दहा तासांत, रविवारच्या चहापर्यंत झालेलं असेल. जुनी चिप असेल तर ३८४०० वर या आणि सोमवारी उजाडेपर्यंत मशीनला हात लावू नका.