एफ वन की मोटोजीपी, एकच धरायचं असेल तर?

रविवार एक आणि रेस दोन, त्यात घरच्यांनाही कधीतरी तोंड दाखवावं लागतं, त्यामुळे नवीन माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो की एफ वन (गाड्यांच्या रेस) बघू की मोटोजीपी (बाइकच्या). दोन्ही बघा म्हणणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका, त्यांचे वीकेंड कधीच हातचे गेलेत (मी त्यातलाच, म्हणून सांगतोय).

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत स्क्रोल करायला नको. रेस चालू असताना मजा हवी असेल तर मोटोजीपी, आणि रेस संपल्यावर तीन दिवस वाद घालण्यात मजा वाटत असेल तर एफ वन. हे गमतीत नाही म्हणत, दोन्हीकडचे फॅन्स रेसनंतर काय बोलतात ते दोन-तीन आठवडे नुसतं ऐका, फरक आपोआप कळेल.

वेळेचं आधी उरकून घेऊ. एफ वनची रेस साधारण ३०५ किलोमीटरची, दीड तास धरून चाला, मध्ये लाल झेंडा आला, म्हणजे रेस थांबवली, तर आणखी. मोटोजीपीची ४०-४५ मिनिटांत खलास. कोरड्या ट्रॅकवर पिट स्टॉप नाही, म्हणजे टायर बदलायला मध्येच आत थांबणं नाही, जो पुढे दिसतोय तो खरोखर पुढे आहे. एफ वनमध्ये हे नवीन माणसाला सगळ्यात जास्त छळतं, की हा पहिला दिसतोय पण याचा स्टॉप बाकी आहे म्हणजे हा खरा चौथा, आणि जो सहावा दिसतोय तोच जिंकणार. ज्याला हे गणित आवडतं त्याला वेड लागतं, ज्याला नाही आवडत तो विसाव्या लॅपला (फेरीला) मोबाइल काढतो.

गणित म्हणजे काय ते बघायचं तर २०२५ ची कतारची रेस घ्या. टायरच्या काळजीपोटी नियम असा केला होता की एका सेटवर जास्तीत जास्त २५ लॅप. रेस ५७ लॅपची. सातव्या लॅपला दोन गाड्या भिडल्या आणि सेफ्टी कार आली, म्हणजे सगळ्यांनी तिच्या मागे हळू चालायचं, आता सात अधिक पंचवीस बत्तीस, अधिक पंचवीस सत्तावन्न, म्हणजे त्याच क्षणी आत आलात तर हिशोब आण्या-पैशासकट जुळतो आणि एक स्टॉप जवळपास फुकटात. रेड बुलच्या वर्स्टॅपनसकट जवळपास सगळे आत वळले आणि मॅक्लारेनने, जी त्या वर्षीची सगळ्यात फास्ट गाडी होती आणि जिचे नॉरिस आणि पियास्त्री हे दोन्ही ड्रायव्हर टायटलच्या शर्यतीत होते, दोघांनाही बाहेरच ठेवलं. मी स्क्रीनसमोर अक्षरशः उभा राहिलो होतो, अरे आत घ्या, एकाला तरी आत घ्या. नाही घेतलं. वर्स्टॅपन जिंकला, पियास्त्री दुसरा, नॉरिस चौथा. फॅन्समध्ये जो दंगा झाला तो वेगळाच, कारण वर्षभर लोकांची तक्रारच ही होती की ही टीम दोघांना समान वागवायच्या नादात दोघांचं नुकसान करते. मोंझाला नॉरिसचा पिट स्टॉप टीमच्या चुकीने लांबला तर पियास्त्रीला जागा परत द्यायला लावली होती, तेव्हापासून 'पपया रूल्स' (दोघांना समान वागवायच्या टीमच्या नियमांचं नाव) म्हटलं की अर्धे लोक हसायचे आणि अर्धे चिडायचे. शेवटी नॉरिस चॅम्पियन झाला, ४२३ विरुद्ध वर्स्टॅपनचे ४२१, दोन पॉइंटने. एवढ्या बारीक फरकाने संपलेला सीझन आणि तरी बोलणं कशावर, तर टीमच्या मीटिंगमध्ये काय ठरलं असेल त्यावर. हे आहे एफ वन फॅन असणं.

आणि नियमवाले तर आहेतच. २०२१ ची अबू धाबी अजून कोणी विसरलेलं नाही. हॅमिल्टन आणि वर्स्टॅपन सारख्याच पॉइंटवर आलेले, शेवटाला सेफ्टी कार, रेस डायरेक्टरने त्या दोघांच्या मधल्या फक्त पाच गाड्यांना पुढे जाऊ दिलं आणि एक लॅप रेसिंगचा ठेवला, वर्स्टॅपनकडे नुकतेच घातलेले सॉफ्ट टायर, हॅमिल्टनकडे झिजलेले हार्ड. शेवटच्या लॅपला वर्स्टॅपन पुढे गेला आणि टायटलही त्याचंच. नवीन आहात म्हणून एक सल्ला, हा विषय अनोळखी लोकांत काढू नका, चांगले जेवणावळीत बसलेले लोक उठून जातात.

आता मोटोजीपी. तिथे भांडण नियमांपेक्षा माणसांवरून होतं. २०१५ ला सेपांगला इटलीचा रॉसी आणि स्पेनचा मार्केझ भिडले, शिक्षा म्हणून रॉसीला शेवटच्या व्हॅलेन्सियाच्या रेसमध्ये सगळ्यात मागून स्टार्ट करावं लागलं, तो चौथा आला आणि त्याचाच टीममेट लोरेन्झो पाच पॉइंटने टायटल घेऊन गेला. दहा वर्षं झाली, रॉसी रिटायरही झाला, तरी २०२५ ला इटलीतल्या मिसानोला मार्केझ जिंकल्यावर इटालियन गर्दी त्याला हूट करत होती, तेही तो डुकाटीवर, म्हणजे त्यांच्याच इटालियन बाइकवर बसलेला असताना! त्याने काय केलं, तर आपला सूट अंगावरून उतरवला आणि गर्दीसमोर धरला, नाव दिसेल असा. हा असला ड्रामा स्क्रिप्ट लिहून जमत नाही. पण तुम्हाला कोणाचा राग राग करायला आवडत नसेल तर इथल्या कट्ट्यावर थोडं जड जाईल.

रेसिंगचं म्हणाल तर तुलना होऊच शकत नाही असं बाइकवाले म्हणतात आणि मला ते ७० टक्के पटतं. माणूस दिसतो, हा मुख्य फरक. गाडीत ड्रायव्हरचं हेल्मेट दिसतं तेवढंच, इथे रायडर साठ अंशांहून जास्त झुकलेला, कोपर जमिनीला घासतंय, पुढचं चाक सुटलं तर कोपराने आणि गुडघ्याने बाइक परत उभी करतोय, हे मार्केझचं स्लो मोशनमध्ये एकदा बघा, मग मला विचारा. आणि २०२५ ची फ्रान्समधली ले मान्सची मोटोजीपी रेस. सुरू व्हायच्या आधीपासून पावसाचा खेळ, कोणी स्लिक (कोरड्या ट्रॅकचे टायर) लावतोय, कोणी बाइक बदलायला पिटमध्ये पळतोय, झार्को अकराव्या नंबरवरून वेट (पावसाच्या) टायरवर निघाला, पहिल्याच वळणांत ढकलला जाऊन आणखी मागे पडला, आणि तरी बाइक बदलली नाही, थांबला. पाऊस परत आला, बाकीचे आत-बाहेर करत राहिले आणि हा गडी जवळजवळ २० सेकंदांनी जिंकला. घरच्या ग्रां प्रीमध्ये फ्रेंच माणूस जिंकला तो थेट १९५४ नंतर. त्या दिवशी एकही माणूस तक्रार करताना दिसला नाही, आणि रेसिंग फॅन्समध्ये असं होणं म्हणजे ग्रहणच.

उरलेले ३० टक्के का नाही पटत तेही सांगतो. एक म्हणजे टायरचं प्रेशर. पुढच्या टायरमध्ये ठरलेल्या मिनिममपेक्षा कमी प्रेशर निघालं तर रेसनंतर १६ सेकंदांची पेनल्टी. कतारला त्याच वर्षी विन्यालेस केटीएमवर दुसरा आला, पोडियम झालं, सगळं झालं, आणि मग निकाल आला, चौदावा. माझ्यासारखे लोक तोवर टीव्ही बंद करून खूश होऊन झोपलेले. हा नियम नवीन माणसाला समजावून सांगताना मलाच लाज वाटते. दुसरं म्हणजे टायटल. २०२५ ला मार्केझने पाच राउंड शिल्लक असतानाच विषय संपवला, ११ रेस आणि १४ स्प्रिंट (शनिवारच्या छोट्या रेस) जिंकून. चार ऑपरेशनं झालेल्या हाताने सहा वर्षांनी टायटल परत मिळवलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं हे खरं, पण चुरस म्हणून बघाल तर त्या वर्षी एफ वन सरळ सरळ सरस होतं.

एकाच कंपनीचं राज्य ही रड दोन्हीकडे आहे. रेड बुलने २०२३ ला २२ पैकी २१ रेस जिंकल्या, डुकाटीने २०२४ ला २० पैकी १९. आकडे जुळे भाऊ, पण अनुभव वेगळा, कारण रेड बुलच्या त्या २१ मधल्या १९ एकट्या वर्स्टॅपनच्या आणि डुकाटीच्या ग्रिडवर आठ बाइक, त्या आपसातच मारामारी करत होत्या. त्या वर्षी बान्यायाने ११ रेस जिंकल्या आणि तरी टायटल मार्टिन घेऊन गेला, तोही डुकाटीच्या स्वतःच्या, म्हणजे फॅक्टरी टीममध्ये नसताना. यात शनिवारच्या स्प्रिंटचा हात आहे, तिथे जिंकलात तर १२ पॉइंट आणि स्प्रिंट प्रत्येक राउंडला. एफ वनमध्ये स्प्रिंट वर्षातून सहाच आणि पॉइंट ८, नसली तरी चाललं असतं.

भीतीबद्दल बोलायलाच हवं. एफ वनमध्ये २०१८ ला हेलो (ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची मजबूत चौकट) आलं, २०२० ला बहरीनमध्ये ग्रोजाँ आगीतून चालत बाहेर आला ते त्यामुळेच. बाइकवर असलं काही लावता येत नाही, अंगातला एअरबॅगवाला सूट आणि नशीब. मार्केझ चॅम्पियन झाला त्याच्या पुढच्याच रेसला मंडालिकामध्ये बेझेक्कीने मागून धडक दिली, खांदा गेला, सीझन संपला. पहिल्या लॅपला पोटात गोळा येतो तो माझा अजून गेलेला नाही, घरात लहान मुलं बरोबर बसून बघणार असतील तर हा विचार करून ठेवा.

आत्ता उडी मारायला कुठे बरं, तर एफ वनमध्ये २०२६ पासून सगळंच नवीन, डीआरएस (ओव्हरटेक करायला मागचा पंख उघडायची सोय) गेलं, पंख हलणारे आले, जवळपास अर्धी ताकद बॅटरीतून, टीम अकरा झाल्या, त्यामुळे जुन्या फॅनलाही अआइई पासून शिकावं लागतंय आणि नवीन माणसाला कोणी अडाणी म्हणणार नाही. बॅटरी वाचवायला ड्रायव्हरने सरळ रस्त्यावर पाय उचलायचा हे मात्र अनेकांच्या पचनी पडत नाही, माझ्याही नाही. मोटोजीपीत हाच मोठा बदल २०२७ ला, इंजिन १००० वरून ८५० सीसी, बाइक खाली-वर करणारी डिव्हाइस बंद, टायर मिशलिनऐवजी पिरेलीचे. आणि मालक आता दोन्हीकडचा एकच, लिबर्टी मीडिया, त्यामुळे बाइकवाल्यांना धास्ती आहे की यांनाही गाड्यांसारखं चकचकीत करून टाकतील.

तर करा असं. दोन जुन्या रेस निकाल न बघता शोधा, ब्राझील २०२४ ची एफ वन आणि वर सांगितली ती ले मान्स (तिचा निकाल मी फोडला, माफ करा). जिथे मोबाइल हातात घेतला नाही ती तुमची. फक्त मोनॅकोने सुरुवात करू नका, २०२४ ला तिथे पहिले दहा जण ज्या नंबरवर निघाले त्याच नंबरवर पोचले, २०२५ ला दोन स्टॉप सक्तीचे केले तर टीमनी एक गाडी मुद्दाम हळू चालवून रांग लावली. मोनॅकोची शनिवारची क्वालिफाइंग (कोण कुठल्या नंबरवरून निघणार ते ठरवणारी) बघा, ती जबरदस्त असते, आणि रविवारी मस्त झोपा.